एक सुई, एक दोरा

विणकाम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन लांब सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि थंडीचे दिवस असे चित्र उभे राहते. क्रोशाचे विणकाम हे त्याचेच धाकटे भावंड. पण वयाने जितके धाकटे, तितकेच स्वभावाने निराळे. त्याला एकच सुई पुरते आणि त्या सुईच्या टोकाला एक इवलीशी आकडी असते. ‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थच मुळी ‘लहान आकडी’ असा आहे. मराठी घरांनी त्याचा ‘क्रोशा’ केला, आणि रुखवताच्या मांडणीत, दारावरच्या तोरणात, बाळाच्या टोपड्यात, फार काय रेडिओवर घातलेल्या जाळीदार रुमालातही त्याला मानाची जागा दिली. घराघरांत दिसणाऱ्या या कलेची घडण कशी असते, नवशिक्याने तिच्यात पाऊल कसे टाकावे आणि तिच्यात खर्ची पडणाऱ्या घटकांचे मोल काय, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. शंभर टाक्यांची ओळ असेल, तर शंभर फास सांभाळावे लागतात. त्यातला एक निसटला की तो ओळीमागून ओळ उसवीत खाली धावतो. क्रोशात सुईवर बहुधा एकच फास उरतो. मागचे सारे टाके तेथल्या तेथे पक्के झालेले असतात. या एका फरकातून क्रोशाचे सगळे गुण उपजतात. काम कोठेही थांबवता येते; चूक झाली तर तेवढ्यापुरते उसवता येते; आणि मुख्य म्हणजे सुईला दिशेचे बंधन राहत नाही. ओळीने जावे, गोल फिरावे, मध्येच वळून एखादी पाकळी घालावी आणि पुन्हा मूळ वाटेवर यावे, असे स्वातंत्र्य विणणाऱ्याला मिळते. त्या स्वातंत्र्यासाठी दोरा मात्र थोडा अधिक खर्चावा लागतो.

हेच स्वातंत्र्य यंत्राला जड गेले. दोन सुयांचे विणकाम यंत्राने १५८९ मध्येच उचलले. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचा माग त्या साली बनविला. क्रोशाचे तसे झाले नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, परंतु तिची वीण वेगळी असते. खरा क्रोशा विणणारी काही प्रायोगिक यंत्रे संशोधकांनी अलीकडे बनविली आहेत; पण कारखान्यातून गठ्ठ्यांनी माल काढील असे यंत्र आजतागायत बाजारात आलेले नाही. याचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. दुकानात टांगलेली क्रोशाची पिशवी कितीही स्वस्त असो, तिचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो.

या कलेचा उगम नेमका सांगणे अवघड आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडातून आकडीने दोरा वर ओढून साखळी टाका घालण्याची रीत पूर्वेकडील देशांत जुनी आहे. कच्छमधील मोच्यांचे आरीभरत हे तिचे आपल्याकडील सुंदर उदाहरण. ही रीत अठराव्या शतकात युरोपात लोकप्रिय झाली, आणि पुढे कोणीतरी खालचे कापडच काढून टाकून ती साखळी हवेत विणली, असे अनेक अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापील नमुने निघू लागले. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४० नंतरच्या दशकात क्रोशाची पुस्तके काढून ही कला मध्यमवर्गीय घरांत नेली.

परंतु तिला पोटापाण्याचे साधन बनविले ते आयर्लंडमधल्या दुष्काळाने. १८४५ साली तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्क येथील उर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकविला. मोनाहन परगण्यातील क्लोन्स या गावी तेथील धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ च्या सुमारास हेच काम सुरू केले. व्हेनिसची सुईने केलेली लेस श्रीमंतांना प्रिय होती, पण तिला फार वेळ लागे. आयरिश मुलींनी जाड दोरीवर क्रोशाचे टाके भरून उठावदार गुलाब, पाने आणि तिपानी शॅमरॉक विणले, आणि ती फुले बारीक जाळीने एकमेकांस जोडली. दिसायला ती लेस व्हेनिसच्या तोडीची, पण तयार व्हायला कितीतरी लवकर. एका घराने गुलाब करावेत, दुसऱ्याने पाने, तिसऱ्याने ती जोडावीत, अशी वाटणी झाली. लंडन-पॅरिसच्या बाजारात गेलेल्या त्या गळपट्ट्यांनी कित्येक कुटुंबांची चूल पेटती ठेवली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आकृती दाखविण्याची सोय आपल्यापाशी नाही. परंतु क्रोशाचे व्याकरण इतके थोडके आहे, की ते शब्दांनीही सांगता येते.

दोऱ्याला सरकगाठ घालून ती सुईवर चढवावी. सुईने दोरा पकडून त्या फासातून बाहेर ओढला, की एक साखळी झाली. अशा साखळ्यांची माळ हा साऱ्या कामाचा पाया होय. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा बाहेर काढावा, म्हणजे सुईवर दोन फास येतात; पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम ओढला, की मुका खांब झाला. तो ठेंगणा आणि घट्ट असतो. खांब घालायचा असेल, तर आधी सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यावा, मग सुई टाक्यात घालून दोरा काढावा. सुईवर तीन फास होतात. दोरा घेऊन पहिल्या दोनांतून ओढावा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून ओढावा. तीनही फासांतून एकदम ओढला तर अर्धा खांब होतो. सुरुवातीला दोन वेढे दिले तर लांब खांब होतो. आणि सुई टाक्यात घालून दोरा सगळ्यातून सरळ बाहेर ओढला, तर उंची मुळीच वाढत नाही, केवळ दोन टोके जोडली जातात. हा जोडटाका. जगातले बहुतेक सारे क्रोशाचे नमुने या पाच-सहा टाक्यांच्याच उलटापालटीतून निघतात.

नवशिक्याची पहिली तक्रार बहुधा अशी असते, की चौकोन विणायला घेतला आणि त्रिकोण होऊ लागला. त्याचे कारण साधे आहे. ओळ संपवून परत फिरताना नव्या ओळीची उंची गाठण्यासाठी साखळ्या घालाव्या लागतात. मुक्या खांबाला एक, खांबाला तीन. या तीन साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब होय. परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या माथ्यावर घालावयाचा असतो, आणि नेमका तोच विसरला जातो. दर ओळीला एक टाका गळतो आणि कड आत सरकते. पहिला महिनाभर दर ओळीचे टाके मोजण्याची सवय ठेवली, तर हा दोष राहत नाही.

गोल विणणे हे त्याहून गमतीचे. मुक्या खांबांची सपाट चकती करावयाची असेल, तर पहिल्या फेरीत सहा टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, अशी दर फेरीला सहांची वाढ करतात. सहाच का? मुका खांब जितका रुंद, जवळजवळ तितकाच उंच असतो. म्हणजे प्रत्येक फेरीने चकतीची त्रिज्या एका टाक्याने वाढते. त्रिज्या एकने वाढली की परीघ सव्वासहांहून थोडा अधिक वाढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणून सहा. खांब मुक्या खांबाच्या सुमारे दुप्पट उंच. म्हणून खांबांच्या चकतीला दर फेरीला बारांची वाढ लागते. वाढ कमी पडली तर कडा वर उचलतात आणि चकतीची वाटी होते. अधिक झाली तर कडेला झालर पडते. लिहितावाचता न येणाऱ्या बाईच्या हातालाही हे गणित ठाऊक असते.

ही झालर काही केवळ चूक नव्हे. दर फेरीत टाके ठरावीक प्रमाणात वाढवीत गेले, समजा दर पाच टाक्यांमागे एक, तर कापड लाटालाटांनी दुमडत जाते. भूमितीत अतिवलयी प्रतल म्हणून एक कल्पना आहे. ते हाती धरण्याजोग्या रूपात दाखविणे गणितज्ञांना फार कठीण जात होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिन्या यांनी १९९७ मध्ये ते क्रोशाने विणून दाखविले. समुद्रातील कित्येक प्रवाळांचे आकारही असेच लाटांचे असतात. हे ओळखून मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या भगिनींनी २००५ साली क्रोशाचा प्रवाळखडक विणण्याचा उपक्रम सुरू केला, आणि नष्ट होत चाललेल्या प्रवाळांकडे हजारो हातांचे लक्ष वेधले.

आपल्याला मात्र सोप्या वस्तूंपासून आरंभ करावयास हवा. पहिला दोरा जाडसर, फिक्या रंगाचा आणि गुळगुळीत असावा. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाकाच दिसत नाही. सुती दोऱ्याच्या अंकांचा क्रम उलटा असतो, हेही लक्षात ठेवावे. दहा अंकाचा दोरा जाड, वीसचा त्याहून बारीक, चाळीस आणि साठचे आणखी बारीक. सुया मात्र मिलिमीटरने मोजतात. बारीक दोऱ्याला एक-दीड मिलिमीटरची पोलादी सुई, तर मध्यम लोकरीला चार मिलिमीटरच्या आसपासची जाड सुई लागते.

पहिली वस्तू हात पुसण्याचा चौकोनी रुमाल. मुके खांब आणि खांब यांच्या ओळी आलटून पालटून घालाव्या. हाताची ओढ सारखी होईपर्यंत असे दोन-तीन रुमाल करावेत. ते कितीही वाकडे झाले, तरी स्वयंपाकघरात उपयोगी पडतातच. दुसरी वस्तू गोल थालपोस किंवा तांब्याखालची चकती. तिसरी बाळाचे टोपडे, आणि येथे चकतीचे गणित थेट उपयोगी पडते. डोक्याचा घेर ४२ सेंटिमीटर असेल, तर चकतीचा व्यास १३ सेंटिमीटर होईपर्यंत वाढ करावी. मग वाढ थांबवून तितक्याच टाक्यांनी फेऱ्या घालाव्या. चकतीच्या कडा आपोआप खाली वळून टोपडे होते. तान्ह्या मुलाच्या कपड्यात मणी वा गुंड्या नसाव्यात, जाळी बोट अडकेल इतकी मोकळी नसावी आणि दोऱ्याची टोके आत नीट ओवून घ्यावीत.

चौथी वस्तू चौकोनी तुकड्यांचे दुपटे. मधोमध साखळ्यांचे वर्तुळ करून त्यात तीन-तीन खांबांचे चार पुंजके घालावेत आणि पुंजक्यांच्या मध्ये साखळ्या सोडाव्या. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या मोकळ्या जागेत तीन खांब, साखळ्या आणि पुन्हा तीन खांब घातले, की कोपरा काटकोनात राहतो. गोधडीला जसे घरातल्या जुन्या लुगड्यांचे तुकडे चालतात, तसे या दुपट्याला उरल्यासुरल्या लोकरीचे सगळे रंग चालतात. चार-पाच मैत्रिणींनी प्रत्येकी दहा-दहा चौकोन केले, तर एक पांघरूण होते. चेन्नईत २०१६ साली देशभरातून आलेले असेच तुकडे जोडून अकरा हजार चौरस मीटरांहून मोठे पांघरूण मांडले गेले, आणि जागतिक विक्रमात त्याची नोंद झाली.

पाचवी वस्तू भाजीची जाळीदार पिशवी. तळ मुक्या खांबांचा घट्ट, वरचा भाग साखळ्यांच्या कमानींचा, आणि बंद पुन्हा घट्ट. ही पिशवी मुठीत मावते आणि चार किलो बटाटे सहज पेलते.

सहावी वस्तू तोरण, आणि येथे कल्पनेला वाव मिळतो. आलेखाच्या कागदावर चित्र काढावे: तुळशीवृंदावन, मोर, किंवा घरातल्या मुलीचे नाव. कागदावरचे मोकळे घर म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या. भरलेले घर म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. प्रत्येक घराला तीन टाके आणि ओळीच्या शेवटी एक जास्त. म्हणजे तीस घरांच्या चित्राला ९१ टाक्यांचा पाया. हा हिशेब एकदा कळला, की नमुन्याच्या पुस्तकाची गरज उरत नाही. काम पुरे झाल्यावर ते धुऊन, तांदळाची पातळ खळ देऊन, सपाट जागी टाचण्यांनी ताणून वाळवावे. चुरगळलेल्या जाळीतले चित्र तेव्हाच उघडे होते.

नमुने वाचताना एक सावधगिरी बाळगावी. इंग्लंड आणि अमेरिका या दोन देशांची क्रोशाची भाषा दिसायला एक, पण अर्थाने दोन. इंग्लंडमध्ये ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो आपला मुका खांब. अमेरिकेत त्यालाच ‘सिंगल’ म्हणतात, आणि तेथला ‘डबल’ म्हणजे आपला खांब. पुस्तक असो वा मोबाइलवरची चित्रफीत, ती कोणत्या देशाची हे आधी पाहिले नाही, तर रुमालाची चादर होते.

येथवर छंदाचा विचार झाला. परंतु याच सुईवर ज्यांचे घर चालते, त्यांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक मुखांनी फाकते. त्यांपैकी वसिष्ठा गोदावरीच्या काठी नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी या भागात क्रोशाची लेस आणली आणि ती तेथे रुजली. गेली कित्येक दशके नरसापूर आणि आसपासच्या गावांतील हजारो स्त्रिया घरी बसून मेजपोस, फुले आणि झालरी विणत आहेत, आणि तो माल परदेशी जात आहे. आयर्लंडप्रमाणे येथेही कामाची वाटणी झाली: एकीने फुले करावयाची, दुसरीने ती जोडावयाची, आणि दोघींनाही तयार मेजपोस कोणाच्या घरात जातो याची वार्ता नसावयाची.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिले. त्यांना जे दिसले ते विचार करायला लावणारे होते. स्त्रिया घरकामाखेरीज दिवसाचे सहा-आठ तास लेस विणीत. मजुरी नगावर मिळे आणि ती किमान वेतनाच्या पुष्कळ खाली असे. व्यापार आणि नफा पुरुषांच्या हाती राही. आणि हे सारे खपत होते याचे एक कारण असे, की या बायकांना कोणी कामकरी मानीतच नव्हते. त्या गृहिणी, लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग! मी शासनाच्या सेवेत असल्यामुळे नोंदीच्या रकान्यांचे सामर्थ्य मला ठाऊक आहे. एखाद्या व्यक्तीपुढे ‘गृहिणी’ एवढाच शब्द पडला, की तिच्या आठ तासांचा हिशेब कोठल्याच कागदावर येत नाही. कागदावर जे नाही, त्याला दर नाही, सुटी नाही आणि म्हातारपणी निवृत्तिवेतनही नाही. नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मालाला नाव मिळाले ही चांगली गोष्ट झाली. ते नाव विणणाऱ्या हातापर्यंत दामाच्या रूपाने पोचले पाहिजे.

येथे छंद म्हणून विणणाऱ्यांचा मोठा उपयोग आहे असे मला वाटते. ज्याने सुई हाती धरली नाही, त्याला चकती म्हणजे केवळ चकती. ज्याने एक तरी विणली आहे, त्याला तिच्यातला वेळ मोजता येतो. खांबांची पंधरा फेऱ्यांची चकती घ्या. दर फेरीला बारांची वाढ. म्हणजे पहिलीत १२, दुसरीत २४, असे करीत पंधराव्या फेरीत १८०. एकूण बेरीज १,४४० खांब. शिकाऊ हाताला एका खांबाला दहा सेकंद धरले, तर चार तास झाले. हात निष्णात असला आणि पाच सेकंदच लागले, तरी दोन तास. ही झाली वीतभर रुंदीची साधी चकती. तिची किंमत बाजारात विचारावी, तीतून दोऱ्याचा खर्च आणि दुकानदाराचा वाटा वजा करावा, आणि उरलेल्या रकमेला दोनांनी भागावे. एवढा भागाकार मनाशी केला, तर जत्रेत वा प्रदर्शनात हातकामाचे दर पाडून मागताना आपली जीभ आपोआप अडखळेल.

हाच न्याय आपल्या घरालाही लागू आहे. रुखवतात मांडलेल्या जाळीदार रुमालांचे कौतुक आपण करतो, पण ते कोणी, किती रात्री जागून केले हे क्वचित विचारतो. कॅमेऱ्याचा छंद असलेल्या पुरुषाला आपण छायाचित्रकार म्हणतो. वीस वर्षे विणणाऱ्या आईला मात्र ‘तिचे काहीतरी चालू असते’ असे म्हणून मोकळे होतो. मुलांनी, मुलग्यांनीसुद्धा, सुटीत तिच्याजवळ बसून एक चकती शिकावी. बोटांना वळण लागेल, मन शांत होईल, गणित कळेल, हे फायदे आहेतच. पण त्यांहून मोठा लाभ असा, की आपल्या सभोवती न बोलता चालणाऱ्या कामाचे माप हाती येईल. त्यासाठी लागणारे साहित्य फार थोडे आहे: एक सुई, एक दोरा आणि पहिला रुमाल वाकडा झाला तरी तो न उसवण्याइतके धैर्य.